आधी मोकळी करा, मग चहा

आत्याच्या मळ्यावर कुणी बंदूक घेऊन आलं, तर त्याला लगेच चहा मिळत नसे. तांब्याभर पाणी मिळे, बसायला घोंगडी मिळे, घरच्यांची विचारपूसही होई. पण चहाचं आधण चढायच्या आधी पाहुण्याला ओट्यावरच आपलं हत्यार उघडून ते रिकामं असल्याचं दाखवावं लागे. "आधी मोकळी करा, मग चहा," एवढंच ती म्हणायची. लग्नसराईत आमच्याकडे खांद्याला बंदूक अडकवून मिरवणाऱ्यांची काही कमी नाही, त्यामुळे हा प्रसंग वरचेवर यायचा. भले भले मिशीवाले ओट्यावर उकिडवे बसून मुकाट्यानं काडतुसं काढताना मी पाहिलेत. परवान्याच्या चौकशीला आलेल्या फौजदारांनाही तिनं तेच ऐकवलं. बरोबरच्या हवालदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. फौजदार मात्र हसले, कमरेचं पिस्तूल त्यांनी हवालदाराच्या ताब्यात दिलं आणि त्याला जीपमध्ये जाऊन बसायला सांगितलं. त्या बिचाऱ्याचा चहा मग मीच जीपपाशी नेऊन दिला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आम्ही दौंडचे, आणि तिला दिलेली भीमेपलीकडे, वडगाव रासाईला. मळ्यापासून गाव बरंच लांब, चहूकडे ऊस, आणि उसाच्या मधोमध तिचं घर. मूलबाळ नव्हतं, म्हणून मी दौंडहून वरचेवर तिच्याकडे राहायला असायची. तिचे यजमान, आमचे मामा, ध्यानीमनी नसताना गेले आणि त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक कायद्याप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा झाली. दहाव्याचं उरकून सगळे घरी आले, तेव्हाच तिच्या धाकट्या दिरांनी, आप्पांनी, विषय काढला. "वैनी, आता मळ्यात एकट्या कशा ऱ्हानार तुम्ही? चोर दिवसाढवळ्या मोटारींच्या केबली कापून नेत्यात. गावातल्या घरात या. मळा मी बघतो. आन् दादाची बंदूकबी माझ्या नावावर करून घेऊ."

आप्पा माणूस वाईट नव्हते. पण मळा आणि बंदूक एका दमात मागायला नको होती. आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि साऱ्या भावकीसमोर सांगितलं, "मळा राखता आला न्हाई, तर मीच घराला कुलूप लावून गावात येईन, आप्पा. तवा किल्ली तुमच्याच हातात देईन. तवर न्हाई." झालं. तेव्हापासून भावकीचे डोळे त्या कुलपाकडे लागले.

आत्याला स्वतःच्या नावावर बंदूक हवी आहे म्हटल्यावर सल्ले द्यायला माणसं घरी येऊ लागली. एरवी पाटाच्या पाण्यावरून एकमेकांचं तोंड न बघणारे लोक या बाबतीत एका घोंगडीवर बसायचे. आप्पांचं मत रिव्हॉल्वरचं. त्यांच्या स्वतःच्या कमरेला ते होतं आणि सदरा मुद्दाम आखूड शिवलेला होता, म्हणजे दिसावं. फौजेतून आलेले एक सुभेदार म्हणाले, रायफलच पाहिजे, नदीच्या पलीकडचा माणूस टिपता येतो. "नदीपलीकडच्या मानसाशी माझं काय भांडान हाय?" आत्यानं विचारलं. सुभेदार पुन्हा काही आले नाहीत.

मग ती मला घेऊन पुण्याला बंदुकांच्या दुकानात गेली. दुकानदारानं नऊवारीतली बाई बघून मखमलीवर एक चिमुकलं, चकचकीत पिस्तूल ठेवलं. "हे घ्या मावशी. पर्समध्येसुद्धा मावतं."

"मी पर्स ठेवत न्हाई," आत्या म्हणाली, आणि तिनं दुकानातली एकेक वस्तू हातात घ्यायला सुरुवात केली. बाजारात विळा घेताना ती जशी बघायची, अगदी तशीच. आधी वजन. मग डोळे मिटून खांद्याला लावून बघणं. मग माझ्याकडून पाणी घेऊन हात ओले करून पुन्हा तेच. गोठ्यातून येणाऱ्या बाईचे हात कोरडे कधी असतात? आणि प्रत्येक हत्याराला एकच प्रश्न: "चुकली, तर कुठं जाईल?"

दुकानदार म्हणाला, मावशी, ही चुकत नाही. "बंदूक चुकत नसंल, मी चुकंन की," आत्या म्हणाली. "माझ्या घराच्या भिंतीला लागून आमच्या गड्याची खोली हाय. तिथं त्याची बायको गंगू आन् लेकरं झोपत्यात. गोळी भिंतीतून गेली तर मी कुनाला तोंड दाखवू?" तेव्हा कुठं दुकानदार खुर्ची ओढून नीट बसला आणि तिच्याशी बरोबरीनं बोलू लागला. लांब पल्ल्याच्या हत्याराची गोळी किती दूर जाते, छर्ऱ्याचं काडतूस जवळच्या जवळ कसं पसरतं आणि त्याचा जोर लवकर कसा सरतो, सगळं त्यानं समजावलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी आमच्याच घरात व्हती की माझी बंदूक. फकस्त हात तुझ्या मामाच्या मापाचा हाय तिचा."

मामा चांगले उंचपुरे. त्यांच्या बंदुकीचा लाकडी दस्ता आत्याच्या खांद्याला लावला की तिचं बोट चापापर्यंत पोचतच नसे. त्यावर तिचा उपाय तयार होता. परवाना नावावर झाला, ठाण्यातून बंदूक सुटली, तशी ती थेट त्या दुकानाच्या कारागिराकडे गेली आणि तिनं दस्ता आपल्या मापानं कमी करून घेतला. बाई एखादं ब्लाउज बेतून घेते, तसं. नळीला हात लावायचा नसतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. लाकूड आपलं आहे, ती म्हणाली. आप्पांनी ती बंदूक बघितली आणि ते मटकन खालीच बसले. "वैनी, दादाची बंदूक कापली तुम्ही!" त्यांनी ती खांद्याला लावून बघितली. कोपर कुठं ठेवावं हेच त्यांना कळेना. त्या दिवसानंतर ‘बंदूक माझ्या नावावर करा’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. मला मात्र आत जाऊन तोंडावर पदर धरून हसावं लागलं.

शिकतानाही तिनं कुचराई केली नाही. सरावाला जाऊन आली की खांदा काळानिळा पडलेला असे. मी हळद लावत असले की म्हणायची, "चोळ जरा जोरानं. खांद्यालाबी कळू दे, नवीन सून आलीय घरात." घरी मात्र बंदूक बहुतेक वेळ कपाटात, काडतुसं दुसऱ्या खोलीत, आणि दोन्ही किल्ल्या तिच्या कमरेच्या छल्ल्याला. एवढ्या हौसेनं घेतलीस आणि कुलपात ठेवतेस, म्हणून मी तिला चिडवायची. ती म्हणायची, "पोरी, बंदूक शेवटची. आधी कुत्रं, मग दिवा, मग कडी, मग बोंब. हे समदं हरलं, की मग ती." मला वाटायचं, हे असंच बोलायला बरं.

मग निवडणूक लागली. आचारसंहितेत आमच्याकडच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या असतात. मिशीवाल्यांच्या रांगेत आत्याही आपली आखूड दस्त्याची दुनळी घेऊन उभी राहिली. गंमत अशी की आमच्याकडच्या या शूरवीरांना बंदूक लागते ती लग्नात. म्हणून निकाल लागून गेला तरी पुढची लग्नसराई येईतो बरेच जण ती सोडवायलाच जात नाहीत. चोरांना हे चांगलं माहीत. आप्पा पुन्हा आले. "आता तरी चला वैनी. बंदूक गेली."

"बंदूक गेली," आत्या म्हणाली. "मी हाय की हितं."

प्रचाराच्या शेवटच्या सभेचा दिवस होता. झाडून सगळे बापे गावात सभेला. मी मळ्यावर होते. दिवस मावळतीला आला असेल, तोच कुत्री एकाएकी पिसाळल्यासारखी भुंकू लागली. मागच्या खिडकीतून बघितलं, तर एक पिकअप उसामधल्या वाटेनं सरळ विहिरीकडे चाललेली. तीन-चार जण उतरले आणि केबल ओढायला लागले. मी धावत जाऊन आत्याला सांगितलं. आत्यानं गंगूला आणि लेकरांना घरात घेतलं, सगळे दिवे लावले, आणि मागच्या दारानं जाऊन शेततळ्याचा व्हॉल्व्ह सोडून आली. तळं चढावर, वाट उतारावर. मग तिनं कडी घातली, आम्हाला घेऊन माळवदावर गेली, आणि परात बडवत अशी बोंब ठोकली की ऐकणाऱ्याचं काळीज हलावं. तिनं आधीच सगळ्या वस्त्यांवरच्या बायकांशी ठरवून ठेवलं होतं. शेजारच्या मळ्यावर परात वाजली, त्यापलीकडे आणखी एक, आणि बघता बघता साऱ्या शिवारात थाळ्यांचा गजर उठला. मीसुद्धा पातेलं बडवत होते आणि भीती केव्हा गेली ते मला कळलंच नाही.

चोर पिकअपमध्ये शिरले. पण वाट एव्हाना पाण्याखाली गेली होती, आणि नदीकाठची ती काळी माती. चाकं जागच्या जागी फिरून रुतत गेली. ते गाडी सोडून पळाले आणि सभेहून मोटारसायकलींवर आलेल्या गावानं त्यांना उसाच्या बांधावर धरलं. आप्पा सगळ्यात पुढे. पण चिखलात त्यांच्या नव्या कोल्हापुरी वहाणा रुतल्या त्या रुतल्याच. अनवाणी, गुडघ्यापर्यंत माखलेले ते ओट्याशी आले आणि सगळ्या गावासमोर त्यांनी आत्याला हात जोडले. "वैनी, कुलपाचं मी पुन्हा इचारनार न्हाई."

"पाय धुवा," आत्या म्हणाली. "मोकळेच आलाय, लगीच चहा टाकते."

काय सांगू, असा चहा मी उभ्या जन्मात प्यायले नाही! ओट्यावर जागा नव्हती, कपबश्या पुरल्या नाहीत, बाया पातेल्यातून वाटीवाटीनं प्यायल्या. निकालानंतर आत्यानं पहिल्याच दिवशी जाऊन बंदूक सोडवून आणली. ओट्यावर ती उघडली आणि नळीला डोळा लावून ती कितीतरी वेळ बघत राहिली. नळी साफ आहे का बघतेस होय, मी विचारलं. "मळा बघतीय," ती म्हणाली. तिनं त्या बंदुकीतून माणसावर कधी बार काढला नाही. तशी वेळच तिनं येऊ दिली नाही.

गुडघे थकल्यावर तिनं मला जवळ बोलावून म्हटलं, "तुझा हात माझ्याच मापाचा हाय." परवाना माझ्या नावावर व्हायला बरेच खेटे पडले, पण झाला. दौंडचं बिऱ्हाड हलवून आम्ही नवराबायको मळ्यावर राहायला आलो. गेल्या हंगामात, ऊस तुटून शिवार मोकळं झालं तेव्हा, आत्यानं तिच्याच घरात, तिच्याच खाटेवर डोळे मिटले. घराला कुलूप लागलं नाही.

परवा आप्पा आले होते. आता काठी टेकत येतात, पण कमरेचं रिव्हॉल्वर अजून आहे. मी चुलीपासून उठून दाराशी आले, त्यांना अजून काही म्हणाले नव्हते. ओट्यावर येऊन ते उभे राहिले, काठी भिंतीला लावली, रिव्हॉल्वर उघडलं, गोळ्या एकेक करून पदरात घातल्यासारख्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि रिकामं चक्र उजेडाकडे धरून मला दाखवलं.

"मोकळं हाय, पोरी."

मी चहाचं आधण ठेवलं.