वहिनींची इंग्रजी विशेषणं

दिघोरीच्या आमच्या घरात मनातलं बोलायची पद्धत नव्हती. थोरल्या वहिनी मात्र बोलायच्या, आणि तेही इंग्रजी शब्दांत. धानाची रोवणी आटोपून आल्या की पायरीवर टेकत म्हणायच्या, "आज मी लय टायरिंग आहो." पाहुणे चार दिवस राहिले की, "मी बोरिंग झाली."

मी तेव्हा रोज लाखांदूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जात असे. एकदा विचारलं, "वहिनी, हे इंग्रजी कायले?"

"मराठीत सांगतलं का सारे 'काहून' विचारतेत," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत कोणी विचारत नाही."

मी त्यांना टायर्ड आणि टायरिंगमधला फरक सांगितला. थोडा विचार करून म्हणाल्या, "म्हणजे ज्याले वाटते तो टायर्ड, अन् ज्याच्यानं वाटते ते टायरिंग." माझ्या वर्गात इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. तरी बोलताना त्यांचं 'इंग' काही सुटलं नाही.

बारावीच्या आधीच त्यांचं लग्न झालेलं. चाळिशीत त्यांनी बाहेरून परीक्षा द्यायचं ठरवलं. फॉर्म भरून, फोटो चिकटवून लाखांदूरला जमा करायला माझ्या हाती दिला. "तुम्ही तिकडे जाताच, भाऊजी." मी तो बॅगेत ठेवला आणि विसरलो. आठवला तेव्हा मुदत संपली होती. "पुढच्या वर्षी पाहू," मी म्हटलं. त्या "बरं" म्हणाल्या.

त्याच आठवड्यात घरी नातेवाईक जमले. वहिनी वाढत असताना मावशींनी अभ्यासाचं विचारलं. माझ्याकडे न बघता वहिनी म्हणाल्या, "फॉर्मच नाही गेला. मी लय डिसअपॉइंटिंग आहो."

मी हसलो. "वहिनी, त्याचा अर्थ तुमच्यामुळे लोक निराश होतात."

सगळी पंगत हसली. वहिनीही हसल्या आणि भाताचं पातेलं उचलून आत गेल्या. फॉर्म का गेला नाही, हे कुणी विचारलं नाही. मला तेच हवं होतं.

त्यानंतर तसा इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडी आला नाही. वर्षभराने मी नवा फॉर्म आणला. हात पुसून त्यांनी तो वाचला आणि परत दिला. "राहू द्या, भाऊजी."

"माह्यावर राग आहे का?"

"नाही जी. राग कायचा?"

आता माझी बदली भंडाऱ्याला झाली आहे. फोनवर विचारतो, "वहिनी, कशा आहा?"

"बरी आहो," त्या म्हणतात, आणि फोन दादाकडे देतात.