अळणी भाजी आणि दिंडोरीचे अण्णा

गंगापूर रोडवरच्या एका हार्ट क्लिनिकमध्ये मी डाएटिशियन आहे. पेशंटच्या फाइली कपाटात मावतात, किस्से मावत नाहीत. मिठाचे तर अजिबातच नाहीत!

एक रिटायर्ड सर आले. बीपी वाढलेलं. "मी वरून चिमूटभरही मीठ घेत नाही!" मग जेवणात काय? लोणचं, दोन पापड, संध्याकाळी चिवडा. म्हटलं, "सर, पापडात मीठ असतं." सर दुखावले. "अहो, पापड घरचे आहेत!"

एका मावशींनी पांढरं मीठ सोडून सैंधव धरलं होतं. तेही मीठच, हे मी तीनदा समजावलं. "उपासाला चालतं आणि हृदयाला चालत नाही?" मी चौथ्यांदा समजावायला घेतलं.

पण खरे किस्से दिंडोरीच्या अण्णांचे. द्राक्षबागायतदार. हृदय कमजोर, मीठ जास्त झालं की अंगात पाणी साठायचं, पाय सुजायचे, दम लागायचा. वर्षात दोनदा अ‍ॅडमिट. "तिसऱ्यांदा वाचतील याची खात्री नाही," डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, काकूंना, स्पष्ट सांगितलेलं.

काकू म्हणाल्या, "मीठ जरा कमी पडलं की ताट सरकवत्यात. तीस वर्षांत माझ्या हातचं एकदा चांगलं म्हणले नाय!"

मग काकूंनी मिठाची बरणीच लपवली. तरी सूज वाढलेली! चौकशी केली तर शेजारणींना अण्णांची दया आलेली. रोज तीन घरांतून वाटीभर कालवण यायचं. "गावात माणुसकी हे, मॅडम!" अण्णा खूश.

माझा संयम संपला. "अण्णा, बागेला खारं पाणी दिलं तर?"

"पानांच्या कडा करपत्यात की!"

"मग?"

अण्णांनी नडगी बोटाने दाबली. खळगा पडला, तो भरेना. मग म्हणाले, "डोस सांगा."

फवारणीच्या वहीत मिठाचं पान सुरू झालं. रोज सकाळी अण्णा स्वतः चमच्याने मोजून मीठ काकूंच्या हातात देऊ लागले. शेजारच्या वाट्या परत!

परवा दोघं आले. अण्णांची सूज उतरलेली, पण काकूंचे डोळे भरलेले.

"काय झालं, काकू?"

"भाच्याच्या लग्नाला गेलतो. पंगतीत ह्यांनी पहिला घास घेतला आन् ताट सरकवलं."

"का?"

"म्हणले, लय खारट हे. चल घरी, तुझ्या हातचं खाऊ."