सनाहानबीची राहून गेलेली ओरड

“तू पळून जाणार आहेस की नाही, तेवढं सांग!” सनाहानबीने कपड्यांचं बोचकं मुलीच्या पुढ्यात आपटलं. “तो बिचारा फाटकाबाहेर स्कूटर चालू ठेवून उभा आहे. पेट्रोल काय फुकट येतं?”

“मग बंद कर म्हणावं.” थाबातोनने मागावरून मानसुद्धा वर केली नाही. “त्याच्या आईने फळांच्या टोपल्या घेऊन यावं, रीतसर मागणी घालावी. चोरासारखं काय जायचं?”

“चोरासारखं? अगं, तुझी आजी पळाली, मी पळाले, तुझ्या दोघी बहिणी पळाल्या! आपल्या घरातून सरळ कोण गेलंय?”

सनाहानबीचं खरं दुखणं वेगळंच होतं. ती चौराजितबरोबर पळाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाकडची वडीलधारी मंडळी हात जोडून दारात आली. तेव्हा तिच्या आईने असा काही थयथयाट केला, की काकचिंगच्या त्या गल्लीत बायका मासळी साफ करताना अजून त्याची नक्कल करतात. आपलीही पाळी येईल म्हणून सनाहानबी कमरेला गुंडाळायचं फनेक विणता विणता एकेक वाक्य घोळवत आली होती. पण थोरली पळाली तेव्हा ही तापाने फणफणलेली, घशातून आवाज फुटेना. मधली पळाली तेव्हा ही बाजारात. घरी येईपर्यंत चौराजितने पाहुण्यांना पानसुपारी देऊन “बरं झालं” म्हणूनही टाकलं होतं. आता उरली ही एकच.

“अहो, तुम्ही तरी सांगा हिला!”

कोपऱ्यातल्या पांघरुणातून चौराजितचा आवाज आला. “मी झोपलोय. मुलगी पळते तेव्हा बापाला काही ठाऊक नसतं.”

“दिवेलागणीला? अजून चुलीवरचा भात उतरला नाही!”

“म्हणून तर म्हणतो, लवकर पळा. भूक लागलीये.”

तेवढ्यात नोंगयाई दारातून डोकावला. “मावशी, येतेय का ती?”

“टोपल्या हव्यात तिला.”

“मग आई आणेल की! ती तर कधीची तयार आहे. तुम्हीच निरोप धाडलात ना, पळवूनच ने म्हणून?”

माग थांबला. “इमा, तू निरोप धाडलास? तू? माझी आई?”

पांघरूण गदगदा हलायला लागलं.

“मला ओरडायचं होतं,” सनाहानबी खाली बघत म्हणाली. “दारात उभं राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तुम्ही तिघींनी मिळून एकदाही ओरडू दिलं नाहीत मला.”

थाबातोनला हसू आवरेना, पण ती जागची हलली नाही. नोंगयाईने हळूच जाऊन स्कूटर बंद केली.

सनाहानबीने बोचकं उचलून फळीवर ठेवलं आणि हात झटकले.

“ठरलं. टोपल्या रविवारी आणायच्या. पहिल्यांदा मी त्या फाटकातूनच परत पाठवणार, तोंडाला येईल ते बोलून. नोंगयाई, तुझ्या आईला सांग, मनाला लावून घेऊ नका. कोपऱ्यावर चहा पिऊन परत या, मग घरात घेईन. आणि अहो, त्या वेळी तुम्ही झोपलेले असाल.”