आजीला वाचून दाखवलेली कादंबरी

आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा ती एका जाडजूड कादंबरीच्या मध्यावर होती. एक आई, तिच्या दोन मुली, रुसवेफुगवे, रडारड, असा सगळा मामला. बूढ़ापाऱ्याच्या जुन्या वस्तीतलं आपलं घर सोडून ती कुठं राहत नाही. पण वेळोवेळी डोळ्यात औषध घालायला माणूस हवं, म्हणून शहरातच तेलीबांध्याला आमच्या फ्लॅटवर आली. पिशवीत दोन साड्या आणि ती कादंबरी. डॉक्टरांनी काही दिवस वाचायला मनाई केली होती.

"मंग तू वाचून दाखव," ती मला म्हणाली.

ऑफिसातून आल्यावर मी दोन पानं वाचली असतील. तिनं हात वर केला. "राहू दे. ती बाई तिकडं रडून राहिली अन् तू फाईल वाचल्यासारखी वाचून राहिली."

तेव्हा माझी मुलगी पुढे आली. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. मराठी तिला सगळं कळतं, पण इथं बाहेर सगळं हिंदीच, म्हणून उत्तर देते हिंदीत.

"आजी, मैं पढ़ दूँ?"

"तुले येते काय?"

"लिखा तो हिंदी जैसा ही है."

रोज संध्याकाळी गॅलरीत त्यांचं वाचन सुरू झालं. आई काळा चष्मा लावून खुर्चीत, पोरगी पायाशी. पोरगी 'डोळे'ला 'डोले' म्हणायची, आई तिला थांबवून पुन्हा म्हणायला लावायची, मग दोघी हसत सुटायच्या. मध्येच आई कादंबरीतल्या आईला रागवायची. "लेकीशी असं बोलतात काय? बयेले अक्कल नाही." मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. मला जरा हेवाही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

एके दिवशी गोष्ट अशा ठिकाणी आली, की धाकटी मुलगी नोकरीसाठी घर सोडून निघते आणि आई दारापर्यंतही येत नाही. मी तांदळाच्या पिठाच्या फऱ्याला वाफ देत होते. वाचता वाचता माझ्या लेकीचा आवाज थांबला.

"काहून थांबली वं?" आईनं विचारलं.

पोरगी बोलली, आणि चक्क मराठीत, मोडक्यातोडक्या. "आजी, मले पण जायचं आहे. पुण्याला. पुढं शिकायला. सिलेक्शन झालं. मम्मीला सांगितलं नाही... वो रोएगी."

माझ्या हातातलं झाकण हातातच राहिलं.

"रडंल ना," आई म्हणाली. "आई हाय ते. रडंल अन् जाऊ देईल. मी रडली नाई, पण जाऊही नाई देलं."

"किसको?"

"तुझ्या आईले. नागपूरले शिकायले जायचं होतं तिले. तुझे आजोबा तयार होते बिचारे. मीच त्यायले म्हटलं, तुम्ही नाही म्हणा, तुमचं ऐकते ते. मले भेव वाटे, पोट्टी एकदा गेली का आपली नाई राहत."

मी गॅस बंद केला. मला ती संध्याकाळ जशीच्या तशी आठवली. जेवताना ताटातून मान वर न करता बाबा म्हणाले होते, "नागपूर नको. इथंच बघ काहीतरी." त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. माझ्या लग्नात त्यांना रडताना पाहून माझा राग निवळला, पण पुरता गेला नव्हता. बाबांनी मात्र तो नकार आईचा होता, हे एकदाही सांगितलं नाही. आता ते नाहीत.

मी बाहेर गेले. मला पाहून लेक गडबडून उभी राहिली. आई हलली नाही.

"ऐकलं ना तू?" ती म्हणाली.

"ऐकलं."

औषधाची वेळ झालीच होती. मी तिचा चष्मा काढला, मान मागं टेकवली, हनुवटी धरली. जवळून तिचा चेहरा किती लहान दिसत होता. तिनं विचारलं, "चिडली काय?"

"हो. खूप. डोळा मिटू नको."

"बाबाले बोल लावत राहिली तू. मी पाहत होती. सांगाले तोंडच नाई झालं."

थेंब पडला. तिच्या गालावरून जे ओघळलं त्यात औषध किती नि पाणी किती, मी पाहिलं नाही. पदरानं पुसून टाकलं. मग लेकीकडे वळून म्हटलं, "पुण्याचं सगळं नीट सांग. अन् मी रडले तरी सांगत राहा."

रडले मी, भरपूर. तिनं सांगितलंही, भरपूर.

कादंबरी त्या दोघींनी संपवली. शेवट आईला आवडला नाही. "सगळे एकदम चांगले कसे होतात?" म्हणे.

पावसाळ्यात लेक गेली. तिला सोडायला आई हट्टानं स्टेशनवर आली. गाडी हलल्यावर आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो. आईनं माझा हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, "तुले कुठं जायचं असंल तर आता सांग. मी 'नाही' नाई म्हणत."

पन्नाशीच्या बाईला ही परवानगी! मला हसू आलं आणि रडूही. ऑटोवाल्या भैयाला मी बूढ़ापारा सांगितलं. दोन दिवस तिच्याकडेच राहिले, आणि आम्ही बाबांबद्दल पोटभर बोललो.