फुलाफुलांचं कापड

मे महिन्यातलं भाच्याचं लग्न. कार्यालयात जेवणाची पंगत बसली होती आणि माझी सून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बाळाला पाजत होती. पाजताना गळ्यात अडकवायचं ते फुलाफुलांचं कापड मीच तिला बारशाला दिलेलं. आत बाळ पाय झाडत होतं. कापड सरकलं की मी पुढे होऊन ते पुन्हा खाली ओढत होते.

"आई, घामाघूम झालाय तो. जरा वर करू का?" तिनं विचारलं.

"लोक आहेत," मी म्हणाले.

लोक जेवत होते. व्याह्यांच्या मिशीला मठ्ठा लागला होता. आग्रह करकरून एकमेकांच्या तोंडात जिलब्या कोंबणं चाललं होतं. एवढी तोंडं उजेडात खात होती आणि त्यातल्या सगळ्यात लहान तोंडाला तेवढा अंधार वाढला होता. तो वाढणारी मी होते.

माझ्या सासूबाई मला कोठीच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून पाजायला बसवत. तेव्हाच मी ठरवलं होतं, माझ्या सुनेला असं भिंतीकडे बसवायचं नाही.

बसवलं नाहीच. भिंतच तिच्या गळ्यात अडकवली.