खोबरेल लावलेला कॅमेरा

कुडाळ स्टेशनात गाडी हलली तरी बाबांचा हात खिडकीतून माझ्या मांडीवरच्या कॅमेऱ्यावरच होता. "भात्याक खोबरेल लायलंय गो. आता काय्येक जावचा नाय."

बाबांनी चाळीस वर्षं मालवणात लग्नांचे फोटो काढले. सुरुवात केली ती या घडीच्या कॅमेऱ्यावर. झाकण उघडलं की कातडी घड्यांचा भाता पुढे सरकतो आणि त्याच्या टोकाला भिंग येतं. खाऱ्या वाऱ्यात कातडं तडकू नये म्हणून दर रविवारी त्याला खोबरेल चोळायचं, हा आमच्या घरचा नेम. बर्फ मात्र बाबांनी कधीच पाहिला नाही. आता काचबिंदूने नजर चालली आहे. डॉक्टर म्हणाले, गणेशचतुर्थीपर्यंत टिकली तर नशीब. मोबाईलचा उजेड त्यांना टोचतो. "माझ्या कॅमेऱ्यातलो बरफ हाड माका," बर्फाचा एक कागदी फोटो आणायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

शिमल्याहून बसने दोन दिवस हाडं खिळखिळी करून घेत स्पितीत पोचले. जानेवारी महिना. नळ गोठलेले, नदी गोठलेली. मुक्कामाच्या घरातल्या ताईंनी थुक्पा (शेवयांचं गरम सूप) दिला, तो संपेपर्यंत वाटीही गार पडली. पण सकाळी डोंगर असे उजळले की मी थंडी विसरले. तीन दिवसांत अख्खा रोल, आठ फोटो काढले. बाबांसाठी एक चांगला निघाला तरी पुरे होता.

शेवटच्या फोटोनंतर भाता मिटायला गेले तर मिटेना. घड्यांत खोबरेल मेणासारखं थिजलेलं आणि कातडं पापडासारखं तडकलेलं. चिरांमधून पलीकडचा उजेड दिसत होता. घरी बुखारीशी (लोखंडी शेगडी) बसून ताईंनी भात्याला बोट लावलं आणि वास घेतला. "नारियल? यहाँ नहीं चलता, दीदी. जम जाता है."

आमच्या किनाऱ्यावर खोबरेल थिजलंच तर उन्हात ठेवलं की विरघळतं; कातडं तडकण्याइतकं गोठतं कधी? करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तसं बाबांच्या मायेचं झालं. मला तिथेच रडू आलं.

एखादा फोटो तरी भाता तडकायच्या आधीचा असेल, या वेड्या आशेवर मालवणला परतले. घरच्या काळोख्या खोलीत बाबांना डोळ्यांची गरज पडत नाही. रोल त्यांनी बोटांनीच धुतला. लाल दिव्यात मी फोटोचा एकेक कागद औषधात सोडला.

"इलो?"

"अजून नाही."

"आता?"

आठही कागद कोरे पांढरे राहिले. उजेड शिरून सगळा रोल जळला होता.

"खूप बर्फ पडत होता, बाबा. म्हणून सगळं पांढरं," मी म्हटलं.

बाबांनी एक ओला कागद बाहेर खिडकीशी नेऊन पाहिला. मग कॅमेरा चाचपला. अंगठा चिरेवर थांबला.

"खोटा सांगा नको गो. तेल गोठला मां?"

मी हो म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं, असं अजून वाटतं.

त्या रविवारी बाबांनी खोबरेलाची बाटली फडताळातून काढली नाही. प्रवास कसा झाला, हेही विचारलं नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं.