बंदर लाईनचे शंकरअप्पा

स्वतःचं दुकान उघडण्याआधी शंकरअप्पा शेजारच्या बंद दुकानांपुढचा ओटा झाडून काढत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळा. एकदा मी म्हटलं, "अप्पा, इथं आता कोण येणार आहे?" तर म्हणाले, "येणाऱ्यासाठी कोण झाडतंय, बाई? घाण दिसली की मलाच कसंतरी होतंय."

हिंगोलीच्या जुन्या मोंढ्यातली, म्हणजे शेतमालाच्या बाजारातली, ती दगडी दुकानांची रांग. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कुरुंद्याच्या शाळेतून इथं बदलून आले आणि अप्पांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. तेव्हा ती रांग गजबजलेली होती. लोक तिला 'बंदर लाईन' म्हणत. समुद्र इथून कुठल्या कुठे! मी नावाचं कारण विचारलं तेव्हा अप्पांनी हातातली सुतळी खाली ठेवली. निजामाच्या काळात एका गुजराती कापूस व्यापाऱ्यानं ही रांग बांधली होती. त्यानं मुंबईच्या बंदरावर तशी दुकानं पाहिली होती. पुढं कमानी, वर राहायच्या खोल्या आणि सगळ्यांत मिळून एकच लांब ओटा. इथला कापूस रेल्वेनं त्याच बंदराकडं जायचा. "ओट्याला मधी भिंत घालू दिली न्हाई शेटजीनं," अप्पा सांगत. "पावसात ह्या टोकाचा माणूस त्या टोकाला कोरडा गेला पायजे. बराबर का न्हाई?"

अप्पांचा धंदा सुतळी-बारदानाचा. बायको लवकर गेलेली, एकुलती मुलगी आखाडा बाळापूरला दिलेली. त्यामुळे ओटा हेच त्यांचं घर. सकाळचा चहा शेजारचे अडते युसुफभाई यांच्याकडं, दुपारी सगळ्यांचे डबे एकत्र. कुणाची भाजी कुणाच्या ताटात जायची त्याला हिशेब नसे.

मग गावाबाहेर नवा मोंढा झाला. तिथं ट्रक थेट दुकानाला लागत. एकेक दुकान उठलं. युसुफभाईंनी तर तिथं अप्पांसाठी आपल्या शेजारचा गाळा बघून ठेवला. "तुमी व्हा पुढं, मी आलोच," अप्पा म्हणाले, आणि गेले नाहीत. का, ते मला सांगितलं: "तिथं गाळ्यागाळ्यात भिंत हाय, बाई. शेजारी खोकला तरी कळत न्हाई." पुढे युसुफभाईही वारले. त्यानंतर रोज तिन्हीसांजेला खालून हाक यायची, "बाई, दिवा लागला का वर?" दिवा लागलेला त्यांना दिसतच असायचा. मी "लागला अप्पा" म्हटलं की ते फळ्या लावून घेत.

दोन हजार सालानंतर मालकाच्या वारसांनी जागा विकली. तिथं कॉम्प्लेक्स होणार होतं. मीही दुसरीकडं खोली घेतली. पाडायच्या दिवशी अप्पांनी जुन्या शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. त्यासाठी नव्या मोंढ्यात ते घाम पुसत गाळ्यागाळ्यातून हिंडले. "शेवटचं एकदा ओट्यावर बसू." आचारी लावला. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. प्रत्येक दुकानापुढं पत्रावळ्या मांडल्या.

नेमकी त्या दिवशी हळदीची आवक जोरात होती. दोघं तेवढे आले, उभ्या उभ्या बुंदी तोंडात टाकून घाईनं परतले. अप्पा वरणाची पळी हातात धरून रस्त्याकडं बघत राहिले. वरणावर साय धरू लागली.

समोर लिंबाखाली दुकानं पाडायला आलेले मजूर बसले होते. अप्पा एकदम त्यांच्याकडं वळले. "चला रे पोरांनो, हात धुवा."

ते संकोचत आले. अप्पांनी एकेकाला हाताला धरून बसवलं. "तू इथं बस, हे नारायणशेटचं. तू तिकडं, ते गुळवाल्याचं. आन् तू युसुफभाईच्या पानावर." पोरं आधी हसली, मग जेवू लागली. युसुफभाईंच्या पानावरच्या पोरानं दुसऱ्यांदा बुंदी मागितली तेव्हा अप्पा म्हणाले, "घे. त्यालाबी लई आवडायची."

जेवणं उरकल्यावर मुकादमानं विचारलं, "काका, यात तुमचं दुकान कोणतं?"

अप्पांनी बोट दाखवलं. "ते पह्यलं पाडा."

"काहून?"

"एकलं मागं राहायला नको त्याला."

अप्पा आता लेकीकडं राहायला निघाले होते; बाळापूरच्या एसटीची वेळ झाली होती. मी त्यांची पिशवी उचलली. कोपऱ्यावर पोचलो तेव्हा मागून घणाचा पहिला घाव ऐकू आला. अप्पा थांबले नाहीत.